सोडून आलेला माणूस

‘माजी’ या शब्दाला आपल्याकडे केवढा मान आहे, हे पाहायचे असेल तर आमच्या कशेळ्याच्या नाक्यावर यावे. कर्जतकडून येणारा रस्ता येथून म्हशामार्गे मुरबाडला जातो. नेरळहून येणारा दुसरा खांडसकडे, भीमाशंकरच्या पायथ्याशी जातो. या चौकात वाढदिवसांचे, सणासुदीचे आणि श्रद्धांजलीचे जे फलक लागतात, त्यांवर माजी सरपंच, माजी उपसरपंच, माजी सभापती अशी मंडळी हात जोडून उभी असतात. पद गेले तरी पदाची ऊब राहते. मात्र याच परिसरात असा एक ‘माजी’ मनुष्य राहतो, ज्याच्या नावाचा फलक कधीही लागणार नाही. तो एका कडव्या संघटनेचा माजी कार्यकर्ता आहे.

त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास, स्वतःचा टेम्पो, थोडी भातशेती. वीसएक वर्षांपूर्वी ठाकरवाडीच्या वाटेवर धर्मभगिनींची जीप अडविणाऱ्या तरुणांत तो पुढे होता. माझी पत्नी परिचारिका असल्यामुळे त्या दिवशी जीपमध्ये होती. खोक्यांत खोकल्याची औषधे, जंतांच्या गोळ्या आणि मुलांसाठी वह्या निघाल्या. त्याला हवी होती ती पुस्तके निघाली नाहीत. तरीही जीप परत फिरवावी लागली. तिचे चालक काका पुढे कित्येक दिवस त्या वाटेने यायला तयार नव्हते.

सहा-सात वर्षांपूर्वी त्याने ते सारे सोडले. कारण विचारले तेव्हा एखादे पुस्तक, एखादे व्याख्यान, निदान एखादा पश्चात्तापाचा प्रसंग ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने सांगितली ती गोष्ट सायकलवरून पाव विकणाऱ्या मुसलमान गृहस्थांची. ते दररोज पहाटे वस्तीवर येत. त्याची आठ वर्षांची मुलगी पूर्वी पैसे घेऊन त्यांच्याकडे धावत जाई. एके दिवशी ती दाराआड लपली. बापाचे फोनवरचे बोलणे ऐकून ‘ते लोक’ म्हणजे हाच पाववाला, असे तिने मनाशी जुळविले होते. “सर, पोरगी पाववाल्याला घाबरली, म्हणजे माझ्यालाच घाबरली ना?” एवढेच तो म्हणाला. पुढच्या बैठकीला तो गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग बोलावणी थांबली आणि ओळखीच्या माणसांनी रस्ता बदलायला सुरुवात केली.

एका नाताळात तो आमच्या घरी आला. येथे आम्ही मोजकीच ख्रिस्ती कुटुंबे, त्यामुळे नाताळाला वसईकडचे नातेवाईक आले की घर भरते. त्याने करंज्या खाल्ल्या, मुलांशी बोलला आणि गेला. तो फाटकाबाहेर पडताच आमच्या एका वडीलधाऱ्या मामांनी मला बाजूला घेतले. “जपून राहा हो. मांजर काशीला जाऊन आलं म्हणून उंदरांनी हारतुरे घेऊन जायचं नसतं.” मामांना दोष देता येत नाही. त्यांनी जे पाहिले आहे त्यातून ते बोलत होते. पण दुसऱ्या दिवशी टेम्पो थांबवून तो स्वतःच म्हणाला, “सर, तिकडचे बोलत नाहीत नि इकडचे भरवसा ठेवत नाहीत.”

दिमिष्काच्या वाटेवर शौलाला प्रकाश दिसला, त्याचा सण ख्रिस्तसभा दरवर्षी २५ जानेवारीला पाळते. परंतु तोच शौल यरुशलेमेला आला तेव्हा शिष्य त्याला भ्याले, त्याच्या शिष्यपणावर कोणाचा विश्वास बसेना, आणि अखेर बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले, हा भाग प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात असूनही त्याचा सण नाही.

सोडून आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्याचा शोध घेताना महाराष्ट्रातच, नागपुरात, एक असे आयुष्य सापडले की ज्याने मला एक ख्रिस्ती माणूस म्हणूनही अस्वस्थ केले. ते आयुष्य गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार यांचे.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना नागपुरात १९२५ च्या विजयादशमीला झाली. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९२९ मध्ये, तेथे एक बैठक भरली आणि संघटनेची घडी बसविली गेली. डॉ. केशव बळीराम हेडगेवार सरसंघचालक झाले, मार्तंडराव जोग सरसेनापती, आणि सरकार्यवाह म्हणून निवड झाली बाळाजी हुद्दारांची. आज हे पद संघात दुसऱ्या क्रमांकाचे मानले जाते. हुद्दार त्यावरचे पहिले. ज्या प्रवाहाला राजकारणाचे बरेच अभ्यासक उजवे टोक म्हणतात, त्याच्या पायाभरणीत ज्यांचे हात लागले त्यांपैकी हे एक, असे म्हणण्यास हरकत नाही. हा कोणी काठावर उभा राहून घोषणा देणारा पोरगा नव्हता.

हुद्दारांना मात्र नुसत्या कवायतीत समाधान नव्हते. १९३१ मध्ये बालाघाट येथील राजकीय दरोड्याच्या खटल्यात ते सापडले आणि त्यांना तुरुंगवास घडला. सुटल्यावर, तिसाच्या दशकाच्या मध्यास, पत्रकारितेचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनला गेले. त्या वेळचे लंडन म्हणजे साऱ्या जगाचे राजकारण ज्या चौकात भेटे असे शहर. तेथे डाव्या विचारांच्या मंडळींत त्यांची ऊठबस सुरू झाली.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये लष्कराने निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केले. बंडाचे नेतृत्व लवकरच जनरल फ्रान्सिस्को फ्रँको यांच्याकडे आले. हिटलरने विमाने पाठविली, मुसोलिनीने विमानांबरोबर पलटणीही. प्रजासत्ताकाला रशियाने शस्त्रे दिली आणि जगभरातून सुमारे ३५,००० स्वयंसेवक त्याच्या मदतीला गेले. स्वयंसेवक हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. १९३७ मध्ये हुद्दार त्यांत सामील झाले, ‘जॉन स्मिथ’ असे नाव घेऊन. नागपूरच्या शाखेतून निघालेला स्वयंसेवक स्पेनच्या आंतरराष्ट्रीय पलटणीचा स्वयंसेवक झाला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संघाच्या आरंभीच्या काळात हेडगेवारांचे मार्गदर्शक असलेले डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले होते आणि तेथील पोरांच्या लष्करी संघटनांवर प्रसन्न होऊन परतले होते. त्यानंतर सहा वर्षांनी त्याच नागपूरचा, त्याच वर्तुळातला एक माणूस मुसोलिनीच्या सैनिकांसमोर बंदूक घेऊन उभा राहिला. एका शहरातून एवढ्या थोड्या काळात निघालेल्या या दोन वाटा पाहिल्या की, माणूस ज्या घरात वाढतो त्यावरून त्याची अखेर सांगता येते हे म्हणणे किती उथळ आहे, ते समजते.

१९३८ च्या वसंतात आरागोनच्या आघाडीवर प्रजासत्ताकाची फळी कोसळली. गांदेसाजवळ अनेक परदेशी स्वयंसेवक पकडले गेले, त्यांत हे ‘जॉन स्मिथ’ होते. त्यांना नेऊन ठेवले ते बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या येथे. सान पेद्रो म्हणजे संत पेत्र. तो तुरुंग म्हणजे आपलाच एक प्राचीन मठ होता.

वाचताना मी येथे थांबलो. तोवर मी या माणसाच्या मागून मोठ्या कौतुकाने चाललो होतो. एका कडव्या छावणीतून तो बाहेर पडला, हे वाचताना मनाला बरे वाटत होते. पण तो जेथे जाऊन पोचला तेथे फाटकावर आपला क्रूस होता आणि तो फाटकाच्या आत, कैदी.

त्या मठात तेव्हा संन्यासी राहत नव्हते. त्यांना शतकभरापूर्वीच बाहेर पडावे लागले होते. मंदिराच्या दर्शनी भिंतीवर, दारावर, स्पेनचा मध्ययुगीन वीर एल सिद घोड्यावर बसून मूर लोकांना तुडवितो आहे असे शिल्प आहे. त्याच्या खालून कैदी जात-येत. उपासमार, उवा, मारहाण आणि हात उंचावून करावयाची फॅसिस्ट सलामी हा तेथला नित्यक्रम. पवित्र मिस्साबलिदानाला उभे राहण्याची सक्ती होती, आणि ती काठीच्या धाकाने. फ्रँकोच्या सैन्यातील मनोविकारतज्ज्ञ आंतोनियो व्हायेखो नाखेरा यांनी येथील परदेशी कैद्यांच्या तपासण्या केल्या. मार्क्सवादी माणूस जन्मतःच हिणकस असतो, असे त्यांना शास्त्राने सिद्ध करावयाचे होते. कैद्यांनी मात्र त्याच कोंडवाड्यात आपापसांत वर्ग चालविले आणि एकमेकांना भाषा शिकविल्या. आयर्लंडचे फ्रँक रायन काही काळ तेथेच होते. कॅथलिक असून ते प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला आले होते, आणि त्यांच्याच देशातील दुसरे कॅथलिक धर्मयुद्ध म्हणून फ्रँकोच्या बाजूने गेले होते. म्हणजे मिस्सेची सक्ती ज्यांच्यावर होई त्यांत एरवी आपल्या इच्छेने मिस्सेला जाणारेही होते.

हे लिहितो तेव्हा दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हुद्दार ज्या बाजूने लढले त्या बाजूच्या प्रदेशात, मुख्यतः युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांत, सुमारे ६,८०० धर्मगुरू, संन्यस्त बंधू आणि धर्मभगिनी मारल्या गेल्या. त्यांत १३ बिशप होते, २८३ धर्मभगिनी होत्या. मंदिरे जाळली गेली, थडगी उकरली गेली. त्यांतील कित्येकांना ख्रिस्तसभेने पुढे रक्तसाक्षी म्हणून गौरविले. हुद्दार स्पेनमध्ये पोचले तोवर ती पहिली लाट ओसरली होती, हे खरे; पण ज्या ध्वजाखाली ते उभे राहिले त्यावर हे रक्त होते. तेव्हा एका अंधारातून निघून माणूस सरळ उजेडात गेला, अशी ही कथा सांगता येत नाही.

आणि आपल्या बाजूची कथा तरी सरळ कोठे आहे? १ जुलै १९३७ रोजी स्पेनच्या बिशपांनी जगभरच्या बिशपांना एक सामुदायिक पत्र लिहून फ्रँकोच्या पक्षाचे समर्थन केले. तोलेदोचे कार्डिनल गोमा यांनी ते सिद्ध केले होते. त्याच फ्रँकोच्या सैन्याने १९३६ च्या शरदात बास्क प्रांतातील डझनाहून अधिक धर्मगुरूंना गोळ्या घातल्या होत्या. मारणारेही सकाळी मिस्सेला जाणारेच. पत्रावर ज्यांनी सही केली नाही अशा थोडक्यांत तारागोनाचे कार्डिनल फ्रान्सेस्क व्हिदाल इ बाराकेर होते.

या व्हिदालांपाशी मी बराच काळ रेंगाळलो. जुलै १९३६ मध्ये अराज्यवाद्यांनी त्यांना पकडले होते. कातालोनियाच्या सरकारने सोडविले म्हणून जीव वाचला आणि ते इटलीला गेले. त्यांचे साहाय्यक बिशप मान्युएल बोरास मागे राहिले. त्यांची ऑगस्टमध्ये हत्या झाली. म्हणजे सूडाचे कारण कोणाला असेल तर ते या माणसाला होते. तरीही त्यांनी सही केली नाही. ख्रिस्तसभेने युद्धातील एका पक्षाशी आपले नाव जोडले तर पुढे समेट कोण घडविणार, ही त्यांची चिंता होती. फ्रँकोने त्यांना पुन्हा देशात पाऊल ठेवू दिले नाही. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर येथे, परागंदा अवस्थेत त्यांचे निधन झाले.

सोडून आलेल्यांपैकी आपलाही एक जण त्या काळात होता. फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज बर्नानोस तारुण्यात ‘आक्स्यों फ्रांसेज’ या कडव्या राजनिष्ठ पक्षाच्या रस्त्यावरच्या पोरांत वावरलेले, कट्टर कॅथलिक. युद्ध पेटले तेव्हा ते मायोर्का बेटावर राहत होते आणि त्यांची सहानुभूती बंडवाल्यांकडे होती. त्यांचा मुलगा फालांखे पक्षात दाखलही झाला होता. मग रात्री घराघरांतून माणसे उचलून नेताना आणि सकाळी रस्त्याकडेला प्रेते पडलेली पाहून त्यांना राहवेना. १९३८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. कॅथलिक धर्म त्यांनी सोडला नाही. उलट, कॅथलिक आहोत म्हणूनच गप्प बसता येत नाही, असा त्यांचा सूर होता. जुन्या मित्रांनी त्यांना फितूर ठरविले. येथेही ‘तिकडचे बोलत नाहीत’ हेच.

माझा एक पुतण्या वसईला असतो. हुशार, कामसू, मंदिरातील गायनवृंदात पुढे. मागच्या पावसाळ्यात तो येथे राहायला आला असता त्याने आपल्या मोबाइलवर मला काही चित्रे दाखविली. चिलखत घातलेले क्रूसयोद्धे, हातात तलवार, आणि खाली फ्रँकोची थोरवी. “काका, हा आपला माणूस होता. ह्याने चर्च वाचवलं.” त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, इतकी वर्षे मार खाल्लेल्या समाजातल्या मुलाला आपलाही कोणी दांडगा पुरुष हवा होता. त्याच्या वयाचा तो टेम्पोवाला जीप अडवीत होता तेव्हा त्यालाही कोणीतरी असेच एक चित्र दाखविले असणार. पुतण्याला मी बोरास आणि बास्क धर्मगुरू, दोघांचीही हकीकत सांगितली. तो ऐकून घेतो. पटले की नाही, हे अजून ठरलेले नाही.

हुद्दारांकडे परत येतो. १९३८ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली. लंडनमध्ये त्यांचा सत्कार झाला आणि ते मायदेशी परतले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. जुने घर सोडलेल्या माणसाला नवे घर मिळाले म्हणावे, तर तेथेही इतिहासाने त्यांची पंचाईत केली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चे आंदोलन पेटले, तेव्हा रशिया इंग्रजांच्या बाजूने युद्धात असल्यामुळे कम्युनिस्ट पक्षाने ते लोकयुद्ध मानले आणि तो आंदोलनापासून दूर राहिला. ज्या संघाचे ते सरकार्यवाह होते तोही संघटना म्हणून त्या आंदोलनात उतरला नाही. ज्याने परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगला, त्याची जुनी आणि नवी अशी दोन्ही घरे आपल्या देशातल्या त्या लढ्याच्या वेळी दारे लावून बसली होती.

आम्हां कर्जतकरांना हे अधिक बोचते, कारण त्या वर्षी या मुलुखात काय घडले ते येथील पोरासोरांना पाठ आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल, नाभिक समाजातून वर आलेले वकील. सावकारीने नाडलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. बेचाळीसमध्ये त्यांनी आझाद दस्ता उभारला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दिवशी येथून माणसे सिद्धगडला जातात. कोतवाल ना त्या छावणीचे, ना या. त्यांच्या नावाला ‘माजी’ लावण्याची वेळ कधी आलीच नाही. तेवढे आयुष्य त्यांना मिळाले नाही. तिशीतच ते गेले.

स्पेनमध्ये मात्र आयुष्य लांबले आणि त्याबरोबर विचारही. सप्टेंबर १९७१ मध्ये, फ्रँको अजून सत्तेवर असताना, माद्रिदला स्पेनच्या बिशपांची आणि धर्मगुरूंची एक संयुक्त सभा भरली. भावाभावांत युद्ध पेटले असता आम्हांला समेटाचे खरे सेवक होता आले नाही, त्याबद्दल क्षमा मागावी, अशा आशयाचा ठराव तेथे मांडला गेला. त्याला बहुमत मिळाले. आवश्यक ते दोनतृतीयांश मिळाले नाही, म्हणून तो संमत झाला नाही. मी या मतदानाकडे पुनःपुन्हा परततो. त्या सभागृहात बसलेल्या वृद्ध धर्मगुरूंपैकी कित्येकांचे सोबती छत्तीस साली मारले गेले असणार. तरी निम्म्याहून अधिक हात वर झाले. फ्रँको १९७५ मध्ये वारले. १९७८ मध्ये व्हिदालांच्या अस्थी तारागोनाच्या कॅथेड्रलमध्ये परत आणण्यात आल्या.

त्यानंतर एका वर्षाने, ७ ऑक्टोबर १९७९ च्या ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या हुद्दारांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीची एक भेट सांगितली आहे. १९३९ चे साल. स्पेनहून परतून फार दिवस झाले नव्हते. सुभाषचंद्र बोस यांना डॉ. हेडगेवारांशी बोलावयाचे होते आणि मध्यस्थ म्हणून निवडले गेले ते हुद्दार. दोन्ही घरांची वाट ठाऊक असलेला माणूस अशा वेळी आठवतो. हेडगेवार नाशिकजवळ देवळालीला मुक्कामाला होते. सुभाषबाबूंनी पाठविलेल्या दुसऱ्या गृहस्थांना बाहेर बसवून हुद्दार एकटेच आत गेले. खोलीत तरुण स्वयंसेवक होते, हेडगेवारांशी त्यांची थट्टामस्करी चालली होती. हुद्दारांनी त्यांना बाहेर जाण्यास सांगितले आणि निरोप दिला. हेडगेवारांनी प्रकृतीचे कारण सांगितले. हुद्दारांनी विनविले, ही संधी दवडू नका म्हणाले. हेडगेवारांनी ऐकले नाही. त्यांची प्रकृती ढासळत चालली होती हे खरेच. पुढच्या वर्षी, २१ जून १९४० रोजी, ते वारले. निदान बाहेर बसलेल्या पाहुण्यांना हे तुम्हीच सांगा, नाहीतर मीच भेट होऊ दिली नाही असे वाटेल, असेही हुद्दारांनी सुचविले. आपण खरोखरच आजारी आहोत, एवढ्या बोलण्याचाही ताण सोसवणार नाही, असे म्हणून हेडगेवार अंथरुणावर आडवे झाले.

हुद्दार बाहेर पडले. बाहेर थांबलेले स्वयंसेवक आत गेले, आणि त्यांच्या पाठीमागे खोलीत पुन्हा हसण्याचा आवाज सुरू झाला.